वहीत न धरलेली नासाडी

रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी पहिल्यांदा नोकरीला लागलो, तो कारखाना पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत होता. १९८०च्या दशकातली ही गोष्ट. सायकलची हँडले, दारांच्या कड्या, नळाच्या तोट्या अशा वस्तूंवर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमचा मुलामा देण्याचे काम तिथे चाले. वस्तू जिगवर लटकवायच्या, निकेलच्या टाकीत बुडवायच्या, बाहेर काढून पाण्यात धुवायच्या, मग क्रोमची टाकी आणि पुन्हा पाणी. मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला काम नेमून दिले : निकेलच्या क्षारांवर फार खर्च होतो आहे, तो माल जातो कुठे ते शोधा.

शोधायला फार विद्या लागली नाही. टाकीतून जिग वर आली की तिच्या अंगाला चिकटलेला द्राव तिच्याबरोबर धुण्याच्या पाण्यात उतरत होता आणि तिथून गटारात जात होता. टाकीवर एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. मी त्यांना विचारले, "तात्या, जिग वर काढल्यावर जरा तशीच धरून ठेवली तर?" ते म्हणाले, "धरतो की साहेब. आजवर कुणी सांगितलंच न्हाई. किती वेळ धरू?" मी म्हटले, दहा आकडे मोजा. दुसऱ्या दिवसापासून तात्या जिग टाकीवर धरून मोजू लागले : "लाभ, दोन, तीन, चार..." खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत त्यांच्या जिभेवर बसलेली होती.

पुढे आम्ही धुण्याच्या एका टाकीच्या तीन केल्या आणि पाणी मालाच्या उलट दिशेने फिरवले. माल पहिलीतून तिसरीत जाणार; ताजे पाणी तिसरीत पडून पहिलीकडे येणार. यामागचा हिशेब साधा आहे. मालाबरोबर आलेला १ लिटर द्राव हजारपट पातळ करायचा, तर एका टाकीत १००० लिटर पाणी लागते. अशा दोन टाक्यांत सुमारे ३२ लिटर पुरते आणि तीन टाक्यांत १० लिटर. शिवाय पहिल्या टाकीतले निकेलयुक्त पाणी निकेलच्या गरम टाकीत वाफेने झालेली तूट भरून काढायला परत वापरता येते. निकेलचा खर्च उतरला, मालकांनी पाठ थोपटली, मला पगारवाढ मिळाली.

क्रोमच्या टाकीवर मात्र कुणी आकडे मोजले नाहीत. क्रोमिक अॅसिड निकेलच्या मानाने स्वस्त होते. त्याची बचत करून हाती काय लागणार? मालकांनी विचारले नाही आणि मीही तो विषय काढला नाही. दीडदोन वर्षांनी शेजारच्या मळ्यातल्या एक आजी काचेच्या बाटलीत आपल्या विहिरीचे पाणी घेऊन फाटकाशी आल्या. पाणी फिकट पिवळे होते. तो पिवळा रंग कशाचा, हे मला बाटली पाहताक्षणीच कळले. आजींना फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. मी खिडकीतून पाहत उभा होतो.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी निरनिराळ्या कारखान्यांत प्रक्रिया सुधारण्याचेच काम केले. निवृत्तीनंतर त्या कामाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ती बाटली डोळ्यांसमोरून हलेना. नासाडी शोधण्याच्या इतक्या चांगल्या पद्धती माणसाने काढल्या. मग त्यांना निकेल दिसते आणि क्रोम दिसत नाही, असे का व्हावे? या प्रश्नाचा माग मी जिथपर्यंत काढू शकलो, तो इथे मांडतो आहे.

*

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि ठळक दाखला मला धुण्याच्या सोड्याच्या धंद्यात सापडला. काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. अठराव्या शतकापर्यंत तो विशिष्ट वनस्पतींच्या राखेतून मिळे. फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने मिठापासून सोडा करण्याची रीत शोधली आणि १७९१मध्ये तिचे पेटंट घेतले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला आणि १८०६मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याची रीत मात्र पुढे शंभर वर्षे चालली, ती मुख्यतः इंग्लंडमध्ये.

रीत अशी होती. मिठावर गंधकाम्ल घालून तापवायचे. त्यातून सोडियम सल्फेट मिळते आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू सुटतो. ते सल्फेट चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजले की काळी राख तयार होते. ती पाण्यात भिजवली की सोडा पाण्यात उतरतो आणि मागे काळा गाळ राहतो. दर ८ टन सोड्यामागे साधारण ५.५ टन अॅसिडचा वायू आणि ७ टन काळा गाळ, असे हे प्रमाण होते. म्हणजे विकायच्या मालापेक्षा टाकायचा माल जास्त. वायू धुराड्यातून वर सोडून दिला जाई आणि गाळाचे ढीग कारखान्याबाहेर रचले जात. पावसात त्या ढिगांतून सडक्या अंड्यांचा वास सुटे.

जेम्स मस्प्रॅट याने १८२०च्या दशकात लिव्हरपूलला हा धंदा सुरू केला. पुढे सेंट हेलेन्स आणि विडनेस ही गावे सोड्याचीच गावे झाली. वायूने आसपासची झाडे जळत, कुंपणे वाळत, पिके करपत. शेतकरी आणि जमीनदार कोर्टात गेले. त्यावर कारखानदारांनी काढलेला उपाय म्हणजे उंच धुराडी. वायू तेवढाच राहिला, तो फक्त आणखी लांबच्या शेतांवर उतरू लागला.

खरा उपाय त्याच काळात निघाला होता. विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदाराने वुस्टरशायरमधल्या स्टोक प्रायर इथे एक ओसाड पवनचक्की घेतली, ती काटक्याकुटक्यांनी भरली, वरून पाणी झिरपत ठेवले आणि खालून वायू सोडला. हा वायू पाण्यात फार लवकर विरघळतो. काटक्यांच्या ओल्या पृष्ठभागावर तो पाण्याला भिडला आणि अॅसिड होऊन खाली उतरला. १८३६मध्ये गॉसेजने त्याचे पेटंट घेतले. इतका स्वस्त आणि सोपा मनोरा. पण पुढची पंचवीसेक वर्षे थोडेच कारखानदार तो नीट वापरत होते. याचे कारण तांत्रिक नव्हते. अॅसिडला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. जे विकले जात नाही, ते पकडण्यावर पैसा का घालायचा?

१८६२मध्ये लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकाराने उमरावांच्या सभागृहाने या वायूंची चौकशी केली. डर्बी हे माजी पंतप्रधान होते आणि त्यांची जहागीर सेंट हेलेन्सच्या जवळच होती, हेही लक्षात ठेवायला हवे. १८६३मध्ये अल्कली कायदा झाला : सुटणाऱ्या वायूपैकी किमान ९५ टक्के वायू पकडलाच पाहिजे. देखरेखीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. 'आम्ल पाऊस' हा शब्द रूढ केला तो याच स्मिथने. कायदा झाल्यावर गॉसेजचा मनोरा ठिकठिकाणी उभा राहिला. शोध लागून सत्तावीस वर्षे झाली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. कायद्याने हवेचा हिशेब मागितला होता, पाण्याचा नाही. पकडलेले अॅसिड कारखान्यांनी ओढ्यांत सोडले. तिथे ते काळ्या गाळाच्या पाण्याला मिळाले आणि नवा, अधिक घाण वायू उठू लागला. नासाडी धुराड्यातून उतरून ओढ्यात आली, एवढेच झाले.

पुढचा टप्पा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. आता अॅसिड हातात होते आणि ते टाकणेही जड जात होते, म्हणून त्याच्या उपयोगाचा शोध नेटाने सुरू झाला. वॉल्टर वेल्डन आणि हेन्री डीकन या दोघांनी १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅसिडपासून क्लोरीन करण्याच्या दोन वेगवेगळ्या किफायतशीर रीती काढल्या. क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर होते, आणि कापड व कागद गिरण्यांना ती हवीच होती. कालचा विषारी धूर आज विकाऊ माल झाला. काही वर्षांतच अशी वेळ आली की सोड्यात फायदा उरला नाही आणि हे कारखाने ब्लीचिंग पावडरवर तगून राहिले. काळ्या गाळातले गंधक परत मिळवण्याची चांगली रीतही अलेक्झांडर चान्स याने १८८८च्या सुमारास बसवली.

तोवर दुसरीच रीत बाजारात आली होती. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हेने १८६१मध्ये मीठ, अमोनिया आणि चुनखडी यांपासून सोडा करण्याचे पेटंट घेतले. १८७३मध्ये ब्रनर आणि माँड या भागीदारांनी इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथे ती रीत आणली. तिच्यात अॅसिडचा वायू नाही, काळा गाळ नाही. सोल्व्हेची सारी करामत आहे ती अमोनिया पुन्हापुन्हा परत मिळवण्यात. अमोनिया महाग, तो निसटला तर धंदाच बुडाला. म्हणून मनोऱ्यामागून मनोरे बांधून त्याचा कण अन् कण राखला गेला. पण मिठातला सगळा क्लोरीन कॅल्शियम क्लोराइड होऊन बाहेर पडे, जवळजवळ सोड्याइतकाच वजनाने. तो स्वस्त होता. तो पाण्यात आणि गाळाच्या तळ्यांत गेला. हे वाचताना माझ्या मनात आले : अमोनिया म्हणजे आमचे निकेल आणि क्लोराइड म्हणजे आमचे क्रोम.

*

नासाडी शोधण्याचे शास्त्र म्हणून आज जे शिकवले जाते, त्याचा उगम मात्र इंग्लंडात नाही. ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये, मोटारीच्या कारखान्यात घडले. टोयोटाकडे तेव्हा पैसा नव्हता, कच्चा माल नव्हता आणि साठा करून ठेवायची ऐपत नव्हती. ताइइची ओहनो या अभियंत्याने त्या टंचाईतून एक शिस्त घडवली. तिच्या मध्यभागी एक साधा जपानी शब्द आहे : मुदा, म्हणजे वाया जाणे. ओहनोने मुदाचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल आणि सदोष माल. नवख्या अभियंत्याला तो कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तासन्तास उभे करी आणि फक्त बघायला सांगे, असे सांगतात.

या शिस्तीचे माझ्यावर ऋण आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षे तिच्यावरच काढली. सदोष माल कमी झाला की त्यात गेलेले लोखंड, रंग, पाणी, वीज सगळेच वाचते. पण त्या सात प्रकारांची यादी पुन्हा वाचा. तिच्यात धूर नाही, सांडपाणी नाही, विषारी गाळ नाही. ओहनोची कसोटी गिऱ्हाइकाची होती : ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे देणार नाही, ते वाया. नदी ही कारखान्याची गिऱ्हाईक नव्हे. या शिस्तीत कधीकधी उलटेही घडते. साठा टाळण्यासाठी एकेका रंगाच्या थोड्याथोड्याच वस्तू रंगवायच्या ठरवल्या, तर रंग बदलताना दर वेळी फवारणीची नळी द्रावकाने धुवावी लागते, आणि ते द्रावक वाया जाते. साठ्याच्या रकान्यात बचत दिसते. द्रावकाला रकाना नसेल तर त्याची वाढ कुठेच दिसत नाही.

ओहनो जेव्हा मुदाचा माग काढत होता, त्याच दशकात त्याच देशाच्या दक्षिणेला मिनामाता गावी चिस्सो कंपनीचा कारखाना पारा उत्प्रेरक म्हणून वापरून अॅसिटाल्डिहाइड बनवत होता. सांडपाण्याबरोबर पाऱ्याचे विषारी संयुग उपसागरात गेले, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. १९५६मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९च्या अखेरीस कंपनीने गाजावाजा करून सांडपाण्याची शुद्धीकरण यंत्रणा बसवली. पारा काढणे हे तिचे कामच नव्हते. आजाराचे कारण कारखानाच आहे, हे सरकारने मान्य केले १९६८मध्ये. एकाच देशात, एकाच वेळी, एका कारखान्यात खिळ्याचा तपास लागत होता आणि दुसऱ्यात पाऱ्याचा लागत नव्हता. बुद्धीचा किंवा शिस्तीचा तुटवडा तिथे खासच नव्हता.

*

ही दोन टोके जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. मिनेसोटातील थ्रीएम कंपनीत जोसेफ लिंग नावाचे अभियंते पर्यावरणाचे काम पाहत. त्यांच्या पुढाकाराने १९७५मध्ये कंपनीने एक योजना सुरू केली. तिच्या नावातच तिचे सूत्र होते : प्रदूषण टाळणे फायद्याचे असते. नळाच्या टोकाला शुद्धीकरण यंत्र बसवण्यापेक्षा घाण जन्मते तिथेच ती थांबवा. त्यासाठी मालाचा घाट बदला, प्रक्रिया बदला, यंत्राची रचना बदला, उरलेले पुन्हा वापरा. सूचना करायची होती ती कामगारांनी आणि अभियंत्यांनीच. या योजनेतून हजारो छोटी कामे झाली आणि कंपनीचा पैसाही वाचला. १९९०मध्ये अमेरिकेने प्रदूषण टाळण्याचा जो कायदा केला, तो याच विचाराचा.

मी स्वतः अनेक वर्षे प्रशिक्षणवर्गांत थ्रीएमचे उदाहरण देत आलो. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. याच कंपनीने दशकानुदशके तेल आणि पाणी या दोघांनाही न जुमानणारी, निसर्गात जवळजवळ न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने बनवली. त्यांपैकी एका प्रमुख रसायनाचे उत्पादन थांबवत असल्याचे कंपनीने २००० साली जाहीर केले. भूजलात उतरलेल्या या रसायनांबद्दल मिनेसोटा राज्याशी २०१८मध्ये ८५ कोटी डॉलरची तडजोड झाली. घाण जन्मते तिथे थांबवा, हे सूत्र कारखान्यातल्या घाणीला लागू होते. विकून टाकलेला मालच घाण असेल तर काय करायचे, हा रकाना त्या वहीत नव्हता.

आपल्याकडेही हा विचार आला. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९मध्येच केला आणि १९७०मध्ये मंडळ नेमले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४चा. पण या कायद्यांची नजर मुख्यतः नळाच्या टोकाकडे होती. आत, टाकीपाशी काय चालते, याकडे लक्ष वळवणारा एक चांगला प्रयोग १९९०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना आणि राष्ट्रीय उत्पादकता परिषद यांनी मिळून केला. कागद, कापडाची रंगाई आणि कीटकनाशके या तीन धंद्यांतल्या छोट्या कारखान्यांत बसून, कामगारांना सोबत घेऊन, कुठला माल किती आत येतो आणि किती कुठून बाहेर जातो, याचे ताळेबंद मांडले गेले.

हा ताळेबंद हीच मला या साऱ्या इतिहासातली मोलाची गोष्ट वाटते. जर्मनीतील आउग्सबुर्ग इथे अभ्यासकांनी त्याला हिशेबाच्या शास्त्राची जोड दिली, जपानने ते २०००नंतर नेटाने पुढे नेले आणि २०११मध्ये 'आयएसओ १४०५१' या नावाने त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात सांडपाणी, चोथा, कतरण यांनाही 'माल' समजून त्यांच्यावर कच्चा माल, मजुरी, वीज सगळ्यांचा खर्च लावतात. टाकलेल्या वस्तूची किंमत जेव्हा विकलेल्या वस्तूशेजारी त्याच पानावर लिहिली जाते, तेव्हा मालक दचकतो.

तरीही हा ताळेबंद सारे काही सांगत नाही. क्रोमिक अॅसिड स्वस्त असेल, तर त्यावर सगळा खर्च लावूनही आकडा लहानच येईल. आजींच्या विहिरीची किंमत त्यात येत नाही. विडनेसच्या धुराची किंमत वहीत आली ती संसदेने ९५ टक्क्यांचा आकडा लिहिला तेव्हा, आणि तो आकडा लिहिला गेला तो शेजाऱ्यांनी चाळीस वर्षे तक्रार केली म्हणून. पद्धत वहीतले वाया गेलेले शोधते. वहीत काय धरायचे, हे पद्धत ठरवत नाही; ते बाहेरच्या कुणीतरी, बहुधा भांडून, ठरवावे लागते. एकदा ते ठरले की मात्र पद्धतीचे बळ मोठे असते. वेल्डन आणि डीकन यांनी ते दाखवून दिले.

आमच्या कारखान्याला पुढे नोटीस आली. महिन्याभरात क्रोमच्या टाकीपुढेही तीन टाक्या बसल्या. वेगळे यंत्र नाही, परदेशी तंत्र नाही. तात्या निकेलकडून क्रोमकडे आले, जिग वर काढून धरली आणि मोजू लागले : "लाभ, दोन, तीन..." गटारातल्या पाण्याचा पिवळेपणा पंधरा दिवसांत दिसेनासा झाला.

हे पहिल्या दिवशीही करता आले असते. दहा आकडे मोजायला पैसे लागत नव्हते. मी सांगितले असते तर तात्यांनी ते केले असते, कारण निकेलच्या वेळी ते स्वतःच म्हणाले होते की आजवर कुणी सांगितलेच नाही. जमिनीत उतरलेले क्रोमियम मात्र टाक्या बसवल्याने परत वर येत नाही. मी नोकरी सोडली तेव्हा त्या मळ्यातल्या विहिरीवर पत्रा टाकलेला होता आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते.